हँडब्रेकची मूठ निवडताना



मोटारीच्या सजावटीच्या वस्तूंविषयी या सदरात एकदा लिहावे, असे अनेकांनी सुचविले होते. सीटकव्हर, पायाखालच्या मॅट, सुगंधी बाटल्या यांविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे. परंतु सांगली भागातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आणि त्यातील प्रश्न वरवर सजावटीचा असला तरी तो तेवढ्यावर थांबणारा नाही, असे वाटले. त्यांच्या घरातील छोटी मोटार चौघेजण चालवितात : त्या स्वतः, त्यांचे यजमान, महाविद्यालयात शिकणारा मुलगा आणि अधूनमधून साठी ओलांडलेल्या सासूबाई. सासूबाईंच्या अंगठ्याने हँडब्रेकचे बटण दाबले जात नाही. मुलाने ॲल्युमिनियमची एक चकचकीत मूठ पाहून ठेवली आहे आणि ती बसविली की आजीचा त्रास जाईल, असे त्याचे म्हणणे आहे. ती घ्यावी की न घ्यावी, असा भगिनींचा प्रश्न.

उत्तर देण्यापूर्वी ती मूठ ज्या लिव्हरला बसते, त्याचे काम समजून घेऊ.

आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारींत, म्हणजे अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट अशा गाड्यांत, मागील दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पायातील ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने चारही चाके रोखली जातात. हँडब्रेकचा त्या तेलाशी काही संबंध नाही. दोन सीटच्या मधील लिव्हर वर ओढला की त्याच्या बुडाशी बांधलेली पोलादी केबल ताणली जाते, ती गाडीच्या पोटाखालून मागील चाकांपर्यंत जाते आणि ड्रममधील ब्रेक-शू बाहेर ढकलून ड्रमवर घट्ट दाबून धरते. तेल गळाले, पायातील ब्रेक निकामी झाला, तरी हा दुसरा ब्रेक स्वतंत्रपणे काम करावा अशी ही रचना आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९६ व्या नियमाने पायाने चालणारा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणांची अपेक्षा केली आहे, ती याच कारणाने.

लिव्हर ओढताना जो कटकट आवाज येतो तो दातेरी पट्टीचा. लिव्हरच्या बुडाशी करवतीसारखे दाते असलेली एक पट्टी असते आणि लिव्हरला जोडलेला एक लहानसा पोलादी खटका त्या दात्यांवरून सरकत जातो. हात थांबला की खटका ज्या दात्यात असेल तिथे अडकतो आणि केबलचा ताण जसाच्या तसा धरून ठेवतो. मुठीच्या टोकाचे बटण दाबले की लिव्हरच्या पोकळ नळीतून गेलेली एक सळई त्या खटक्याला दात्यातून बाहेर काढते. बटण सोडले की स्प्रिंग सळईला परत जागेवर आणते. म्हणजे चढावर उभी असलेली गाडी, तिच्यातील माणसे आणि सामान हे सारे वजन अखेरीस नखाएवढ्या एका खटक्याच्या भरवशावर असते आणि तो खटका बटणाच्या सळईच्या आज्ञेत असतो. मूठ बदलताना आपण कशाला हात घालत आहोत, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

हे वजन किती, त्याचाही अंदाज घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या ब्रेकविषयक नियमात प्रवासी मोटारीच्या पार्किंग ब्रेकने पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढउतारावर थोपवून धरली पाहिजे, असे म्हटले आहे. आणि तो हाताने ओढायचा असेल तर त्यासाठी ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने ४० किलोपेक्षा, अधिक जोर लागता कामा नये. शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर वर चढणारा रस्ता म्हणजे २० टक्के. अशा चढावर एक हजार किलोची गाडी उभी असेल, तर तिला खाली ओढणारे बळ सुमारे दोनशे किलोचे भरते. दोन क्विंटलचे पोते उतारावर एका हाताने थोपवायचे, तर माणसाला ते जमणार नाही. लिव्हर, केबल आणि ब्रेक-शू मिळून ते जमवून आणतात.

यात लिव्हरच्या लांबीचा वाटा मोठा आहे. समजा, लिव्हर ज्या खिळीवर फिरतो तिथपासून आपली पकड २५० मिलिमीटरवर आहे आणि केबल त्याच खिळीपासून ४० मिलिमीटरवर बांधलेली आहे. हाताने २० किलोचा जोर लावला, तर केबलवर सुमारे १२५ किलोचा ताण येतो. आता नवी मूठ ३० मिलिमीटर अधिक लांब आहे आणि आपण ती टोकाशी धरतो, असे समजू. तेवढ्याच जोराला ताण १४० किलोपर्यंत जातो. थोडी लांब मूठ खरोखरच हाताचे श्रम कमी करते, हे खरे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. हाताला अधिक अंतर ओढावे लागते, लिव्हर पूर्ण वर आल्यावर तो मधल्या आर्मरेस्टला भिडू शकतो, आणि बळकट हाताच्या माणसाने सवयीने तितक्याच जोराने ओढले तर केबलला नको इतका ताण बसतो. शिवाय बाजारातील बहुसंख्य मुठी लांब नसतातच. त्या केवळ जाड असतात किंवा रंगीत असतात. पकड जिथे होती तिथेच राहिली, तर श्रमात फरक पडत नाही.

म्हणून पहिला प्रश्न : दोष मुठीचा आहे का? माझ्या पाहण्यात आलेल्या दहांपैकी बहुतेक तक्रारींत तो नसतो. लिव्हर पार वरपर्यंत ओढावा लागतो, पूर्वी पाच-सहा कटकटींत बसणारा ब्रेक आता दहा-बारा घेतो, तर केबल सैल झाली आहे किंवा मागचे ब्रेक-शू झिजले आहेत. किती दात्यांत ब्रेक बसावा, हा आकडा बहुधा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तो गाडीगणिक वेगळा असतो, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नये. चांगला मिस्त्री आधी मागचे ड्रम उघडून शू पाहतो, ते नीट बसवितो आणि मग केबलचा नट फिरवितो. घाईचा मिस्त्री थेट नटच आवळतो. त्याने त्या दिवसापुरते काम भागते. पण शू ड्रमला सतत घासत राहण्याचा धोका उरतो. लिव्हर दगडासारखा जड झाला असेल, तर केबल तिच्या नळीत गंजली असण्याचा संभव अधिक. अशा गाडीला सोन्याची मूठ बसविली तरी ती तशीच राहणार.

बटण दाबत नाही, ही तक्रार मात्र वेगळी आणि तिचे कारण बहुधा अगदी साधे असते. लिव्हर ताणलेला असताना खटका दात्यावर केबलच्या साऱ्या ताणानिशी दाबलेला असतो. त्या अवस्थेत नुसते बटण दाबून खटका सोडवायचा म्हणजे अंगठ्याने त्या ताणाशी झुंज घ्यायची. लिव्हर आधी किंचित वर उचलावा, तो भार हातावर घ्यावा आणि मग बटण दाबावे. ते लोण्यासारखे आत जाते. पायातील ब्रेक दाबून धरून हे केले तर आणखी सोपे. ब्रेक लावतानाही हाच क्रम चांगला : आधी पायाचा ब्रेक घट्ट दाबावा, मग लिव्हर ओढावा. पायाच्या ब्रेकने शू ड्रमपाशी आधीच पोहोचलेले असतात, त्यामुळे हाताला कमी ओढावे लागते. सासूबाईंना ही रीत एकदा शेजारी बसून दाखवावी, आणि केबल तपासून घ्यावी. कदाचित मूठ घेण्याची गरजच उरणार नाही.

तरीही बोटांच्या सांध्यांचे दुखणे असेल, तर मोठ्या बटणाचा उपयोग होतो, हे मी नाकारीत नाही. छोट्या गाडीतील मूळ बटण बोटाच्या पेराएवढेही नसते आणि त्याची कड अंगठ्याला रुतते. रुंद, मधे किंचित खोलगट बटण असलेली आणि मुठीत भरणारी मूठ अशा हातांना आराम देते. निवड करायची ती या कारणाने करावी.

बाजारात मुठी तीन तऱ्हेच्या मिळतात. पहिली तऱ्हा म्हणजे मूळ मुठीवर चढवायचे कव्हर. सिलिकॉनचे, रेक्झिनचे, कापडाचे, खडे जडविलेले, हवे तसे. ते स्वस्त असते, मूळ रचनेला धक्का लागत नाही, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. तसे ते नेहमीच नसते. लिव्हर खाली असतो तेव्हा आपण त्याला सरळ वर उचलतो. पण तो उभा होत गेला की आपल्या ओढण्यातील काही जोर मुठीच्या लांबीच्या दिशेने, मागे खेचू लागतो. कव्हर सैल असेल तर नेमके अखेरच्या, सर्वांत महत्त्वाच्या दोन दात्यांच्या वेळी ते हातात निसटून येते. दुसरे असे की जाड कव्हरामुळे लिव्हर कन्सोलच्या खाचेत पूर्ण खाली बसत नाही. ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, मागचे ड्रम तापतात, जळका वास येतो, पेट्रोल जास्त लागते, आणि चालकाला वाटते गाडी म्हातारी झाली. कव्हर घ्यायचेच तर मापात घट्ट, पातळ आणि बटणाच्या बाजूला पूर्ण मोकळे असलेले घ्यावे.

दुसरी तऱ्हा म्हणजे मूळ प्लॅस्टिकची मूठ काढून तिच्या जागी बसणारी पूर्ण मूठ. ॲल्युमिनियमच्या मुठी याच. येथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात. ती आपल्याच गाडीच्या नळीच्या मापाची आहे का. ती नळीवर कशाने धरली जाते. आणि तिचे बटण मूळ सळईवर नीट बसते का. सर्व गाड्यांना चालते, असे लिहिलेल्या मुठींत बहुधा आतून मोठे छिद्र आणि ते भरून काढायला रबरी नळकांडी दिलेली असतात, आणि दोन-तीन बारीक स्क्रू ॲलन कीने आवळून ती पकडावी लागते. गोल, गुळगुळीत नळीवर त्या स्क्रूंची पकड टोकापुरतीच असते. गाडीच्या कंपनाने ते सैल होतात आणि एक दिवस मूठ नळीभोवती फिरू लागते. केवळ आपल्या गाडीसाठी बनविलेली, नळीच्या आकारात बसणारी मूठ मिळत असेल तर तिला दोन पैसे अधिक द्यावेत.

बटणाची गोष्ट याहून नाजूक आहे. नवे बटण सळईच्या मापाने थोडे लांब असले, तर ते मूठ बसवितानाच किंचित दाबलेले राहते आणि खटका दात्यात पुरता उतरत नाही. तो दात्याच्या टोकावर टेकून राहतो. सपाट जागी गाडी उभी राहील, शोरूमसमोर उभी राहील, घराच्या अंगणात उभी राहील. चढावर किंवा मागून कोणी हलकासा धक्का दिल्यावर खटका दात्यावरून सटकेल. बटण आखूड असले तर उलटे होते : पुरते दाबूनही खटका बाहेर येत नाही आणि ब्रेक सुटत नाही. हा दुसरा दोष लगेच कळतो, म्हणून तो कमी धोक्याचा. पहिला दोष मात्र हवा तेव्हा कळत नाही. डॅशबोर्डवरील हँडब्रेकचा लाल दिवा येथे उपयोगाचा नाही, हेही लक्षात ठेवावे. हँडब्रेकविषयी तो दिवा लिव्हर उचलला आहे की नाही एवढेच सांगतो. ब्रेक धरला आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते.

तिसरी तऱ्हा फारसे लोक विचारात घेत नाहीत, आणि माझ्या मते ती सर्वांत शहाणपणाची आहे. पुष्कळ छोट्या मोटारींच्या वरच्या श्रेणीत कंपनीनेच बरी मूठ किंवा क्रोमच्या टोकाचे बटण दिलेले असते. त्याच गाडीच्या त्याच पिढीचा तो सुटा भाग कंपनीच्या अधिकृत स्पेअर काउंटरवर मागता येतो. खिडकीवर गाडीचा चेसिस क्रमांक सांगावा आणि तो भाग आपल्या गाडीला बसतो का, ते विचारावे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या कुर्ल्यात सुट्या भागांची दुकाने धुंडाळण्याची हौस मला समजते, पण या एका वस्तूपुरती ती आवरलेली बरी.

आता एका मुठीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण तरुण मुलांना नेमकी तिचीच भुरळ पडते. मोटार शर्यतीत गाडी आडवी घसरवत वळविण्याचा एक प्रकार आहे, ड्रिफ्टिंग. त्यात चालक हँडब्रेक क्षणभर ओढतो आणि लगेच सोडतो. प्रत्येक वेळी बटण दाबण्याचा खोळंबा टळावा म्हणून जपानमध्ये एक वेगळे बटण निघाले. ते बसविले की खटका दात्यांपासून दूर राहतो. लिव्हर ओढला की चाके जाम, हात सोडला की मोकळी. शर्यतीच्या मैदानावर त्याचा उपयोग आहे. घरच्या गाडीत ते बसविले, तर लिव्हर नुसता ओढून उभा राहत नाही, म्हणजे गाडी पार्किंग ब्रेकच्या भरवशावर सोडता येत नाही. हे बटण सुबक आणि रंगीत असते आणि दुकानाच्या काचेमागे साध्या सजावटीच्या बटणाशेजारी ठेवलेले असू शकते. नावात ड्रिफ्ट किंवा स्पिन-टर्न असे शब्द दिसले की ते खाली ठेवावे. उंच, तेलावर चालणारे उभे लिव्हर मिळतात तेही शर्यतीचेच. त्यांचा येथे विचार करण्याचे कारण नाही.

धातूविषयी थोडे. ॲल्युमिनियम दिसायला सुरेख आणि टिकायला चांगले. परंतु जळगाव, अकोला, सोलापूर या बाजूच्या उन्हाळ्यात दुपारी बंद गाडीत बसलेल्याला धातूला हात लावणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. प्लॅस्टिकही तितकेच तापते, पण धातू आपली उष्णता हाताला झटकन देतो, म्हणून तो अधिक भाजतो. भाजणाऱ्या मुठीला माणूस दोन बोटांनी धरतो आणि लिव्हर अर्धाच ओढतो. तळहाताखाली रबरी किंवा खडबडीत प्लॅस्टिकचा भाग असलेली मूठ त्यापेक्षा बरी. मऊ, मखमली स्पर्शाचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकपासून मात्र जपावे. काही वर्षांच्या उन्हाने तो चिकट होतो आणि मग कितीही पुसला तरी हाताला लागत राहतो.

चामड्याचा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातोच. मोठ्या गाड्यांत स्टीअरिंग, गिअरची मूठ आणि हँडब्रेकची मूठ तिन्ही चामड्याने मढविलेली येऊ शकतात, आणि आता छोट्या गाड्यांसाठीही तशी वेष्टने विकली जातात. वेष्टनावर नुसते लेदर लिहिलेले असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. पीयू लेदर, लेदरेट, रेक्झिन म्हणजे कृत्रिम, आणि जेन्युइन लेदर म्हणजे प्राण्याचे. शंका असल्यास वेष्टनाची कापलेली कड पाहावी. कृत्रिम असेल तर मागच्या बाजूस विणलेले कापड आणि वर प्लॅस्टिकचा पातळ थर स्पष्ट दिसतो. चामड्याच्या कडेला केसाळ तंतू दिसतात. वासावर विसंबू नये, तो कृत्रिम वस्तूंनाही देता येतो. विक्रेत्याला स्पष्ट विचारावे आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. यात संकोच कसला? कापडाच्या पेढीवर सूत किती टक्के आणि पॉलिएस्टर किती, हे आपण गिऱ्हाइकाला सांगतोच की.

मूठ बसवून झाली की दुकानातून निघण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी, आणि ती आपण स्वतः घ्यावी. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद, चाकापुढे आणि मागे एकेक वीट. लिव्हर एकेक दाता वर ओढत जावे आणि प्रत्येक दात्यावर हात काढून घ्यावा. लिव्हर तिथेच राहिला पाहिजे. तळहाताने वरून थोडे खाली दाबून पाहावे. तो घसरता कामा नये. पूर्ण वर गेल्यावर, किंचित उचलून बटण दाबावे आणि लिव्हर हळूहळू खाली न्यावा. कुठे अडकतो का, अगदी खाली बसतो का, लाल दिवा विझतो का, ते पाहावे. बटण सोडल्यावर ते स्वतःहून, आळस न करता बाहेर आले पाहिजे. सीट सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे सरकवून दोन्ही वेळा लिव्हर ओढून पाहावा, कारण घरातील उंच आणि बुटक्या माणसांच्या सीटच्या जागा वेगळ्या असतात. आर्मरेस्ट बसविलेला असेल तर तो खाली पाडून पुन्हा एकदा ओढावा. छोट्या गाड्यांत बाहेरून बसविलेले आर्मरेस्ट लिव्हरच्या वाटेत येतात आणि चालकाचे कोपर अडते. मुठीपेक्षा अशा वेळी आर्मरेस्टच काढून टाकावा असे माझे मत आहे.

मग एखाद्या रिकाम्या, सौम्य चढावर जावे. मागे कोणीही उभे नाही, मुले गाडीजवळ नाहीत, याची खात्री करावी. पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल करावा आणि पाय हळूहळू, पूर्ण न उचलता, सैल करावा. गाडी तसूभरही सरकली तर परत दुकानात. उभी राहिली तर पंधरा दिवसांनी स्क्रू पुन्हा तपासावेत आणि त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी तपासण्यास सांगावे. ही सारी परीक्षा दहा मिनिटांची आहे. मांगीतुंगीच्या किंवा कुंभोजच्या पायथ्याशी यात्रेच्या गर्दीत गाडी उतारावर लावून वृद्ध मंडळी दार उघडून उतरत असतात, लहान मुले मागून धावत येतात. त्या वेळी त्या खटक्याची परीक्षा घेण्याची पाळी येऊ नये.

आणि मूठ कितीही चांगली असली तरी उतारावर केवळ हँडब्रेकवर विसंबू नये. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकून ठेवावा आणि पुढची चाके अशी वळवावीत की गाडी सरकलीच तर कठड्याला किंवा डोंगराच्या बाजूला टेकेल. ऑटोमॅटिक गाडीत आधी हँडब्रेक ओढावा, मग गिअरचा दांडा पी वर न्यावा. उलट क्रमाने केल्यास सारे वजन गिअरबॉक्समधील खटक्यावर येते. घाटात चाकाखाली दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला ठेवावा. हे लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण रस्त्याच्या मधोमध सोडलेले असे दगड प्रत्येक घाटात दिसतात.

कायद्याविषयी विचारणा होते म्हणून थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे ५२ वे कलम वाहनात नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार करण्यासंबंधी आहे. मुठीवर कव्हर चढविण्याने नोंदणीपुस्तकातील काही बदलत नाही. परंतु ब्रेकची यंत्रणा काम करीत नसेल तर ती वेगळी बाब झाली, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी पाहायला येतो तेव्हा तो लिव्हरही पाहू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरची मूठ बसविण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावे. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या गाड्यांत, जिथे केवळ एक कळ असते, बदलायला मूठच नाही. त्यांच्या मालकांचा हा सारा व्याप वाचला.

आपल्यापैकी काही कुटुंबांचा मोटारीच्या सुट्या भागांचाच व्यापार आहे, म्हणून शेवटी त्यांच्यासाठी. गिऱ्हाईक मूठ मागायला येते तेव्हा ते रंग पाहत असते. गाडी कोणती, कोणत्या वर्षाची, कोण चालविते, एवढे तीन प्रश्न विचारण्यास काही वेळ लागत नाही. शर्यतीचे बटण सजावटीच्या मालात मिसळू देऊ नये; ते निराळ्या खणात ठेवावे आणि ते रस्त्यावर चालत नाही असे सांगूनच विकावे, किंवा ठेवूच नये. मूठ हातात देऊन घरी बसवून घ्या म्हणण्यापेक्षा दुकानाच्या माणसाकडून बसवून द्यावी आणि वर सांगितलेली परीक्षा गिऱ्हाइकासमोर करावी. ज्या मुठीसाठी मूळ मूठ कापून काढावी लागते, आणि काही गाड्यांत ती सुटत नाही, तिथे कापण्यापूर्वी गिऱ्हाइकाला तसे सांगावे. कारण कापल्यावर परतीचा मार्ग नसतो.

मूळ मूठ न कापता निघाली असेल, तर मालकाने ती टाकून देऊ नये. मूठ, बटण आणि स्प्रिंग एका पिशवीत घालून, वर गाडीचा क्रमांक लिहून, ती घरीच ठेवावी. गाडी विकताना किंवा नवी मूठ दगा देऊ लागली तर तिचा उपयोग होतो. स्प्रिंग एवढीशी असते आणि तीच आधी हरवते, म्हणून ती कागदात गुंडाळून चिकटपट्टीने मुठीलाच चिकटवावी.